पी. जे. हिंदू जिमखाना आणि जुना हिंदू संघ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईच्या मैदानी क्रिकेटबद्दल लिहायला लागल्यापासून एका जिमखान्याबद्दल सारखी विचारणा होते. काही प्रश्न साधे असतात, काही भांडायच्या तयारीनेच आलेले. ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात येऊन गेलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा जिमखाना नेमका आहे कुठे? आणि पी. जे. म्हणजे काय?

मरीन ड्राइव्हवर. चर्चगेटहून लोकल पकडा आणि डावीकडची खिडकी धरा. चर्नी रोड येईपर्यंत रूळ आणि रस्ता यांच्या मधल्या पट्टीत एकामागून एक मैदानं दिसतात, रस्त्याच्या पलीकडे समुद्र. पारशी, इस्लाम आणि हिंदू असे तिन्ही जिमखाने याच पट्टीत आहेत. पी. जे. म्हणजे परमानंददास जीवनदास. जिमखान्याला देणगी देणाऱ्या गुजराती व्यापारी घराण्यातलं हे नाव. पूर्ण नाव परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना, पण मैदानावर कुणी एवढं म्हणत बसत नाही. 'हिंदू जिमखाना' म्हटलं की पुरतं.

२. स्थापना कधी झाली? त्याआधी हिंदू मुलं क्रिकेट खेळत नव्हती का?

स्थापना १८९४ ची. खेळत मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून होती. मुंबईत क्रिकेट पहिल्यांदा उचललं पारशांनी, त्यांचा ओरिएंटल क्लब १८४८ चा. हिंदूंचा बॉम्बे युनियन क्लब १८६६ मध्ये निघाला. त्यानंतर जे क्लब निघाले त्यांची नावंच बोलकी आहेत : गौड सारस्वत, क्षत्रिय, मराठा, गुजराती युनियन, तेलुगू यंग क्रिकेटर्स. जातीची नाही तर भाषेची, पण प्रत्येकाची चूल वेगळी.

जिमखाना आला तो जमिनीमुळे. समुद्र हटवून तयार झालेल्या केनेडी सी फेसवर पारशांना जागा मिळाली, मग मुसलमानांनी मागितली, मग हिंदूंनी. तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड हॅरिस स्वतः इंग्लंडचे माजी कर्णधार. त्यांनी प्रत्येक समाजाला एक जिमखाना मिळेल, त्यापुढे अर्ज घेऊन कुणी येऊ नये, अशी भूमिका घेतली. मुंबईचं क्रिकेट धर्माच्या वाट्यांनी का विभागलं गेलं याचं एक कारण या सरकारी कागदात आहे. खेळाडूंनी बसून ठरवलेली ती गोष्ट नव्हे.

३. 'हिंदू संघ' आणि 'हिंदू जिमखान्याचा संघ' हे एकच का?

नाही, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. जिमखाना हा क्लब. त्याचे सभासद, त्याचं मैदान, त्याचे स्थानिक सामने. जुन्या धावफलकांवर 'हिंदूज' म्हणून दिसतो तो प्रातिनिधिक संघ. त्यात पुण्याचे दि. ब. देवधर असत, नागपूरचे सी. के. नायडू असत, पुढे लाहोरकडचे लाला अमरनाथ असत. हे काही रोज मरीन लाइन्सला सरावाला येत नव्हते.

पण हा प्रातिनिधिक संघ निवडण्याचा, कर्णधार नेमण्याचा आणि स्पर्धेत उतरायचं की नाही हे ठरवण्याचा अधिकार जिमखान्याकडे होता. म्हणून संघाच्या यशाचं श्रेय जिमखान्याला द्यायचं असेल, तर निवडीतल्या अन्यायाचा हिशेबही त्याच्याच खात्यावर मांडावा लागतो. ते प्रश्न ८ मध्ये.

४. तिरंगी, चौरंगी, पंचरंगी : या वेगवेगळ्या स्पर्धा होत्या का?

एकच स्पर्धा, भिडू वाढत गेले तसं नाव बदलत गेलं. १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी असे प्रेसिडेन्सी सामने होत. १९०७ मध्ये हिंदू आले आणि स्पर्धा तिरंगी झाली. १९१२ मध्ये मुसलमान संघ आला, चौरंगी झाली. १९३७ मध्ये 'द रेस्ट' म्हणजे उरलेल्या सर्वांचा संघ आला (ख्रिश्चन, ज्यू, अँग्लो-इंडियन वगैरे) आणि पंचरंगी झाली. रणजी करंडक १९३४ मध्ये सुरू झाला, तरी मुंबईकर गर्दी करायचा ती पंचरंगीला. बॉबी तल्यारखान एकट्याने दिवसभर रेडिओवर बोलत आणि ज्यांना तिकीट मिळालं नाही ते इराण्याच्या हॉटेलात कान लावून बसत.

५. हिंदू संघाचा पहिला मोठा विजय कोणता?

फेब्रुवारी १९०६, बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर युरोपियन संघाविरुद्ध. तिरंगीच्या आधीचा हा सामना. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या, युरोपियन १९१ आणि १०२ मध्ये आटोपले. शंभराहून जास्त धावांचा विजय, तोही राज्यकर्त्यांच्या घरच्या मैदानावर, जिथे हिंदी माणसाला सभासदत्व नव्हतं. वंगभंगाच्या चळवळीचे दिवस होते, त्यामुळे सामन्याची चर्चा खेळाच्या पानापुरती राहिली नाही. अस्पृश्य मानल्या गेलेल्या खेळाडूंना बरोबर घेतल्याने हिंदू जिंकले आणि देशानेही त्यातून काही शिकावं, असं सुधारक मंडळींनी तेव्हाच लिहिलं. ते खेळाडू कोण, हा पुढचा प्रश्न.

६. पळवणकर बाळू कोण होते? शाळेत तर कधी नाव ऐकलं नाही.

पळवणकर घराणं मूळचं कोकणातल्या पळवणचं, चांभार समाजातलं. बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. वडील लष्करात नोकरीला, त्यामुळे बालपण पुण्यात गेलं. पहिली नोकरी पुण्यातल्या पारशांच्या क्रिकेट क्लबात : मैदान झाडायचं, खेळपट्टी सारखी करायची, पगार महिना ३ रुपये. मग गोऱ्यांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर. तिथे जाळ्या लावायच्या, रूळ फिरवायचा आणि साहेबांना सराव म्हणून गोलंदाजी टाकायची.

साहेबांमध्ये कॅप्टन ग्रेग होते, युरोपियन संघाचे सर्वात तगडे फलंदाज. आपल्याला बाद केलं की ते बाळूंना दर वेळी आठ आणे देत, असं सांगितलं जातं. तासन्‌तास टाकलेल्या त्या चेंडूंनी बाळू डावखुरे फिरकी गोलंदाज म्हणून घडले. टप्पा, वेग, चेंडू आत येणार की बाहेर जाणार, सगळं ताब्यात. फलंदाजीचा सराव मात्र त्यांना तिथे कुणी दिला नाही. बॅट साहेबाच्या हातात, चेंडू नोकराच्या, अशी वाटणी होती.

मग पुण्याच्या हिंदू क्लबाला वाटलं की हा पोरगा आपल्याकडे हवा. गोऱ्यांना हरवायचं तर बाळूशिवाय भागेना. त्यांना घेतलं. मैदानावर ब्राह्मण खेळाडू त्याच चेंडूला हात लावत होते, पण चहाच्या वेळी बाळूंचा चहा मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात. जेवणही वेगळं वाढलेलं. चेंडू चालतो आणि कप चालत नाही, हे कुठल्या शास्त्रात बसतं हे त्यांचं त्यांना ठाऊक.

प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईला आले, रेल्वेत नोकरी धरली आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. हे सामने बहुतेक तिशीनंतरचे आहेत, हे लक्षात ठेवून आकडा वाचा.

७. बाळू भारताकडून कसोटी खेळले का?

नाही. भारताची पहिली कसोटी जून १९३२ ची, लॉर्ड्सवरची. तेव्हा बाळूंचं वय ५६. पण १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली 'ऑल इंडिया' संघ इंग्लंडला गेला होता, त्यात बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम दोघेही होते. संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले, त्यातले प्रथम श्रेणीतले ७५. लेस्टरशायरला हरवलं त्या सामन्यात त्यांचे ११ बळी होते. अख्ख्या दौऱ्यातून बाळू वजा केले तर सांगण्यासारखं फार थोडं उरतं.

८. बाळूंना कर्णधार का केलं नाही? 'जातीमुळे' म्हणणं अतिशयोक्ती नाही का?

हा प्रश्न दोन सुरांत येतो, काहींचा खरंच जाणून घ्यायचा आणि काहींचा उत्तर आधीच ठरलेला. दोघांनाही तेच उत्तर.

१९११ च्या दौऱ्यानंतर हिंदूंमध्ये बाळूंइतका अनुभवी खेळाडू दुसरा नव्हता. कर्णधारपद मात्र एम. डी. पै यांच्याकडे. पै चांगले खेळाडू होतेच, शिवाय सरळ माणूस. १९१३ मध्ये सत्काराच्या वेळी त्यांनी जाहीर सांगितलं की हा मान खरं तर बाळूंचा होता, ते ज्येष्ठ आणि अनुभवी आहेत. ज्याच्या गळ्यात माळ पडली तोच असं म्हणतो, त्यापुढे अतिशयोक्तीचा मुद्दा कशाला उरतो?

१९२० मध्ये गोष्ट चिघळली. चौरंगीसाठी संघ निवडला, त्यात बाळू नव्हतेच. पै आजारी पडले तेव्हा मुसलमान संघाविरुद्धच्या सामन्याला कर्णधार म्हणून देवधरांचं नाव आलं. बाळूंचे धाकटे भाऊ विठ्ठल तेव्हा संघातले सर्वोत्तम फलंदाज होते, ज्येष्ठतेत देवधरांच्या पुढे. विठ्ठल आणि शिवराम यांनी नावं मागे घेतली आणि जाहीर पत्रक काढून कारण सांगितलं : जातीमुळे आम्हाला डावललं जातं, हा आमच्या स्वाभिमानाचा प्रश्न आहे. अस्पृश्यता गेल्याशिवाय स्वराज्य नाही, असं गांधीजी त्याच काळात सांगत होते. त्यामुळे जिमखान्याची अडचण झाली. भाषणात टाळ्या वाजवायच्या आणि निवड समितीत मान फिरवायची, हे वर्तमानपत्रांच्या डोळ्यांवर आलं.

पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्याला पै बरे होऊन परतले. बाळूंना बोलावून उपकर्णधार केलं, भाऊही परत आले. त्या सामन्यात पै काही वेळ मैदान सोडून गेले आणि तेवढा वेळ संघ बाळूंनी चालवला. हिंदू संघाचं कर्णधारपद बाळूंच्या वाट्याला आलं ते एवढंच. हे पै यांनी मुद्दाम केलं असं मानायला मला आवडतं.

देवधरांना यात खलनायक करू नये. त्यांना नेमलं, त्यांनी स्वतःला नेमलं नाही.

९. मग विठ्ठल कर्णधार झाले ते खरं का? किती यश मिळालं?

खरं. १९२३ मध्ये विठ्ठल पळवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्याच वर्षी संघाने चौरंगी जिंकली. १९२५ आणि १९२६ मध्येही हिंदूच जिंकले, मधलं १९२४ मुसलमान संघाने नेलं. चार वर्षांत तीन विजेतेपदं हा हिशेब हिंदू संघाच्या कुठल्याही काळाशी ताडून पाहा.

शिवराम, बाळू, गणपत आणि विठ्ठल हे चारही भाऊ हिंदूंकडून खेळले. गणपत तरुणपणीच गेले. विठ्ठलांनी पुढे मराठीत आत्मचरित्र लिहिलं. त्या काळच्या क्रिकेटबद्दल मैदानाच्या आतून, तेही या बाजूने लिहिलेलं दुसरं काही मिळणं कठीण. रद्दीच्या दुकानात दिसलं तर घासाघीस न करता घ्या.

१०. नायडूंची ११ षटकारांची खेळी हिंदू जिमखान्यावर झाली ना? आणि भारतातली पहिली कसोटीही?

दोन्ही नाही. दोन्ही सामने बॉम्बे जिमखान्यावर झाले, म्हणजे आझाद मैदानाला लागून असलेल्या गोऱ्यांच्या क्लबावर. नावातल्या 'जिमखाना'मुळे घोळ होतो.

पहिला सामना १९२६ च्या अखेरचा, इंग्लंडहून आलेल्या आर्थर गिलिगन यांच्या एमसीसी संघाविरुद्ध हिंदू. पाहुण्यांच्या ३६३ धावांत गाय अर्ल यांच्या १३० होत्या, आठ षटकारांसह. लोकांना वाटलं आता याहून जास्त काय बघायचं. दुसऱ्या दिवशी सी. के. नायडू आले आणि त्यांनी दोन तासांच्या आत १५३ ठोकल्या, ११ षटकार आणि १३ चौकार. बातमी शहरभर पसरली तशी माणसं कचेऱ्या सोडून मैदानाकडे निघाली, आसपासच्या झाडांवरही जागा उरली नाही. हिंदू ३५६ वर बाद झाले, सामना अनिर्णित राहिला. भारतीय संघ बरोबरीने खेळू शकतो हे गिलिगन यांना पटलं आणि दोन वर्षांत, १९२८ मध्ये, भारतीय क्रिकेट नियामक मंडळ उभं राहिलं. नायडू मुंबईला नवे नव्हते. हिंदूंकडून ते १९१६ पासून खेळत होते.

कसोटी झाली डिसेंबर १९३३ मध्ये. अमरनाथ यांनी पदार्पणात केलेल्या ११८ धावा त्याच सामन्यातल्या.

११. १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यावर फलंदाज विजय मर्चंट का गेले नाहीत? निवड झाली नव्हती का?

त्यांनी जायचं नाही असं ठरवलं. गांधीजी आणि इतर नेते तुरुंगात असताना इंग्लंडला खेळायला जाणं मर्चंट आणि एल. पी. जय यांना पटलं नाही. हिंदू जिमखान्याचीही तीच भूमिका होती. त्यामुळे भारताची पहिली कसोटी मर्चंट यांच्याविना झाली. १९३० ते १९३३ या सविनय कायदेभंगाच्या वर्षांत चौरंगीही भरली नाही. जय यांचं नाव आज कमी ऐकू येतं. रणजी करंडक पहिल्यांदा जिंकणाऱ्या मुंबईचे ते कर्णधार होते.

१२. विजय मर्चंट हे खरं नाव नाही म्हणतात, ते कसं?

आडनाव ठाकरसी, गिरणीमालकांचं घराणं. शाळेत बाईंनी नाव आणि वडिलांचा व्यवसाय विचारला, आणि उत्तरातला 'मर्चंट' पटावर आडनाव म्हणून चढला, अशी हकिगत आहे. ते हिंदू जिमखान्याचे आणि हिंदू संघाचे कर्णधारही होते. प्रथम श्रेणीत सरासरी ७१.६४, ब्रॅडमन यांच्या खालोखाल.

१३. मर्चंट आणि हजारे यांची ती चढाओढ नेमकी कशी झाली?

पंचरंगीतल्या सर्वोच्च धावसंख्येवरून झाली. १९३८ मध्ये हिंदूंकडून अमरनाथ २४१. पुढे १९४१ मध्ये मर्चंट नाबाद २४३. मग १९४३ च्या हंगामात 'द रेस्ट'कडून विजय हजारे २४८. त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, ब्रेबॉर्न स्टेडियमवर, मर्चंट नाबाद २५०. हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला. मर्चंट यांचा विक्रम झाल्यावर दोन दिवसही टिकला नसेल.

रेस्ट पहिल्या डावात १३३. फॉलोऑन. दुसऱ्या डावात एका बाजूने माणसं जात राहिली आणि हजारे उभे. भाऊ विवेक हजारे यांच्याबरोबर ३०० धावांची भागीदारी झाली, त्यात विवेक यांच्या धावा २१. पुन्हा वाचा, एकवीसच. संघाच्या ३८७ पैकी हजारे यांच्या ३०९. हिंदू एक डाव आणि ६१ धावांनी जिंकले, आणि तरी त्या सामन्याला लोक हजारे यांच्या नावाने ओळखतात.

हे हजारे यांचं पहिलं त्रिशतक, असं बरेच जण लिहितात. ते चूक. महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ त्यांनी १९३९-४० मध्येच केल्या होत्या. आणि मर्चंट यांनी त्याच १९४३-४४ च्या हंगामात रणजीत महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ करून उट्टं काढलं, पण ती पंचरंगी नव्हती.

१४. हजारे मराठी, सांगलीचे. मग ते हिंदूंविरुद्ध कसे खेळले?

ते ख्रिश्चन होते. संघ धर्मावर ठरत, भाषेवर किंवा गावावर नाही. त्या पद्धतीत किती गोम होती हे कळायला एवढं एक उदाहरण पुरे.

१५. गांधीजींनी पंचरंगीवर बंदी घातली का?

बंदी घालण्याचा अधिकार त्यांना नव्हता आणि त्यांनी घातलीही नाही. डिसेंबर १९४० मध्ये जिमखान्याचं शिष्टमंडळ वर्ध्याला त्यांना भेटलं. कॉलेजांचे, संस्थांचे संघ आपण समजू शकतो, पण हिंदू, पारशी, मुसलमान असे संघ कशाला, असं त्यांचं म्हणणं पडलं. सत्याग्रही तुरुंगात असताना करमणुकीचे सामने नकोत, हेही. जिमखान्याच्या सभेत जोरदार वाद झाला आणि थोड्या मतांच्या फरकाने त्या वर्षी न खेळण्याचं ठरलं. १९४१ मध्ये हिंदू परत खेळले. म्हणजे माघार एका वर्षाची होती.

१९३७ ची अनुपस्थिती याच्याशी जोडू नका. तेव्हा भांडण नव्या ब्रेबॉर्न स्टेडियममध्ये कुणाला किती जागा मिळणार यावरून होतं. त्यात तत्त्व शोधू नये. १९४२ मध्ये 'छोडो भारत'मुळे स्पर्धाच झाली नाही.

१६. पंचरंगी बंद कधी झाली? शेवटी कोण जिंकलं?

शेवटची १९४५-४६ ची. हिंदूंनी पारशांना हरवून ती जिंकली. त्यानंतर क्रिकेट नियामक मंडळाने जातीय स्पर्धा थांबवून विभागवार स्पर्धेकडे जायचं ठरवलं. आधीच्या वर्षीचा अंतिम सामना मात्र जास्त लक्षात राहण्यासारखा : जिंकायला २९८ हव्या असताना मुसलमान संघाने हिंदूंना एक गडी राखून हरवलं, के. सी. इब्राहिम नाबाद १३७. स्वतंत्र भारताकडून ते पुढे चार कसोटी खेळले.

१७. या धावा, बळी आज अधिकृत धरतात का? की प्रदर्शनीय सामने होते?

अधिकृत, प्रथम श्रेणी. मर्चंट यांच्या सरासरीत, हजारे यांच्या त्रिशतकांत, बाळूंच्या १७९ बळींत हे सामने मोजलेले आहेत. जिमखान्याचे क्लब पातळीवरचे सामने मात्र त्यात येत नाहीत.

१८. बाळू डॉ. आंबेडकरांविरुद्ध निवडणूक लढले, हे खरं की अफवा?

खरं. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मुंबईतल्या राखीव जागेसाठी काँग्रेसने बाळूंना उभं केलं. आंबेडकरांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. त्याआधी १९३३ मध्ये हिंदू महासभेकडून मुंबई महापालिकेची निवडणूकही ते हरले होते. १९३२ च्या पुणे करारावर सही करणाऱ्यांत बाळू होते. स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर त्यांचा आणि आंबेडकरांचा मार्ग वेगळा होता.

यावरून बाळूंना 'त्यांच्या बाजूचे' ठरवून मोडीत काढणारे मेसेज येतात, तसेच आंबेडकरांना डिवचायला बाळूंचं नाव वापरणारेही. ज्याने मंडपाबाहेर चहा प्यायला त्याने आपलं राजकारण कुठे करावं, हे आपण नव्वद वर्षांनी सांगण्यात काही अर्थ नाही. बाळू १९५५ मध्ये वारले.

१९. पुण्याचं पीवायसी हिंदू जिमखाना ही याचीच शाखा का?

नाही. ती पुण्याची स्वतंत्र, जुनी संस्था, भांडारकर रस्त्यावरची. नावातलं साम्य तेवढं. कराचीतही हिंदू जिमखाना होता. त्याची देखणी इमारत अजून उभी आहे, तिथे आता नाट्य-संगीताचं शिक्षण देणारी संस्था चालते.

२०. आज हा संघ कुठे खेळतो?

मुंबईच्या क्लब क्रिकेटमध्ये, कांगा लीगसकट. ही लीग १९४८ पासून ऐन पावसाळ्यात होते, उघड्या खेळपट्ट्यांवर, जिथे चेंडू कधी गुडघ्याला तर कधी कानाजवळ. मुंबईचे फलंदाज पाय हलवायला शिकले ते इथे. सचिन तेंडुलकर अकराव्या वर्षी जॉन ब्राइटकडून याच लीगमध्ये उतरला. स्पर्धेला नाव आहे डॉ. होरमसजी कांगा यांचं, पारशी संघाचे फलंदाज, १९११ च्या दौऱ्यात बाळूंचे सहकारी. पंचरंगीनंतर जिमखान्याचं वजन कमी झालं हे खरं, कारण देशाचा संघ निवडण्याची किल्ली मंडळाकडे गेली आणि मुंबईचं क्रिकेट दादर, माटुंगा, शिवाजी पार्ककडे सरकलं.

२१. आमचे आजोबा 'हिंदूंकडून' खेळले असं घरी सांगतात. तपासायचं कसं?

आधी कुठले हिंदू ते ठरवा. मुंबईशिवाय कराची, लाहोर आणि नागपूरलाही अशा स्पर्धा होत, प्रत्येक ठिकाणी एक 'हिंदू' संघ असे. मुंबईच्या स्पर्धेत खेळले असतील तर प्रथम श्रेणीच्या धावफलकात नाव सापडायला हवं. वर्ष आणि प्रतिस्पर्धी विचारून घ्या, 'गोऱ्यांना हरवलं तेव्हा' एवढ्यावर शोध लागत नाही.

नाव शोधताना आडनावावर अडून बसू नका. त्या काळी बरेच खेळाडू आद्याक्षर आणि पाळण्यातलं नाव अशा रीतीने नोंदले जात. पळवणकर शोधाल तर हाती काही लागणार नाही आणि 'पी. बाळू', 'पी. विठ्ठल' लगेच दिसतील. धावफलकात नाव नसेल तर बहुधा ते जिमखान्याकडून क्लबचे सामने खेळले असतील (फरक प्रश्न ३ मध्ये). अशा वेळी त्या वर्षांची मुंबईची वर्तमानपत्रं ग्रंथालयात बसून चाळणं हाच मार्ग. घरी जुना संघाचा फोटो असेल तर त्याची मागची बाजू आधी बघा, नावं बहुतेक वेळा तिथे पेन्सिलीने लिहिलेली असतात.